श्रॉफ : सराफाचा इंग्रजी भाऊबंद
अबुधाबीच्या खलिफा सिटीत एटीएमवर अरबीत ‘सर्राफ आली’ लिहिलेलं दिसतं. म्हणजे स्वयंचलित सराफ! अरबी ‘सर्राफ’ हा मुळात नाणी बदलून देणारा. फारसीमार्गे तो मराठीत आला. आपल्याकडे पुढे सोन्याचांदीतच रमला. पोर्तुगीजांकडून इंग्रजांनी उचलला, तेव्हा ‘श्रॉफ’ झाला. चीनच्या बंदरांत श्रॉफ चांदीचं नाणं हातात घेऊन, वाजवून खरंखोटं ठरवी आणि खऱ्यावर ठसा मारी. केवढी जोखमीची नोकरी! या पारखण्याला इंग्रजीत क्रियापदही ‘श्रॉफ’च. इंग्लंडमध्ये हा शब्द आता क्वचितच कानावर पडतो. हाँगकाँगमध्ये मात्र पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. मुंबईत तर हे पारशी-गुजराती आडनावच आहे.