बामणघळीपाशी बसलेले पुरुष

यंदाच्या शिमग्यात आमच्या वाडीच्या खेळ्यांमध्ये गोमूचं सोंग माझ्या पुतण्याने घेतलं होतं. काळा झगा घातलेला, कमरेला घुंगरं बांधलेला संकासूर पुढे आणि त्याच्याबरोबर साडी नेसलेली गोमू. गोमू हा पुरुषच असतो. पुतण्या ओटीवर हात पसरून उभा होता आणि त्याची बहीण तोंडात टाचण्या धरून त्याच्या निऱ्या घालत होती. "पोट आत घे," ती म्हणाली. त्याने घेतलं. शेजारच्या काकीने पदर ओढून बघितला आणि नाचताना सुटेल म्हणून पुन्हा खोचायला लावला. बाविशीतला पोरगा, आयटीआय झालेला, लोट्याच्या एमआयडीसीत सहा महिने कंत्राटावर काम करून परत आलेला. तेवढा वेळ तो बायकांच्या हाताखाली निमूट उभा होता.

त्याच रात्री तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसता पुसता त्याने मला विचारलं, "काका, मुलींसाठी योजना आहेत, कायदे आहेत, बचतगट आहेत. आमच्यासाठी काय आहे?" आवाजात चीड नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि बहुतेक वेळा तो बायकांवर आगपाखड करण्यासाठीच विचारलेला असतो. पण घरचं पोर विचारतं तेव्हा मागे जाऊन बघावं लागतं.

मागे गेलं की आमच्या हेदवी गावात पहिल्यांदा लागते ती मनीऑर्डर. माझ्या लहानपणी वाडीतले कर्ते पुरुष मुंबईत असत. गिरणीत, गोदीत, नाहीतर कुणाच्या दुकानात. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, नारळ मोजायचे, पोरांना पट्टा दाखवायचे आणि परत जायचे. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ला ११२२. हा आकडा वाचून बाहेरची माणसं आमचं कौतुक करतात. त्या आकड्यात आमचे गैरहजर बाप मोजलेले आहेत, हे त्यांना माहीत नसतं. शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरांची शाळा सगळं बाईने बघायचं आणि सातबारावर नाव त्याचं, जो वर्षातून वीस दिवस घरी असे.

तिकडे मुंबईत तो दहा-बारा गाववाल्यांच्या एका खोलीत राही आणि खानावळीत जेवे. ती खानावळही बाईच चालवत असे, अनेकदा गिरणी कामगाराचीच बायको. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांसाठी. म्हणजे आमच्या पुरुषाला गावातही बाईने पोसलं आणि शहरातही. त्याच्याकडून अपेक्षा एकच होती, महिन्याच्या महिन्याला पैसे पाठव. तेवढं केलं की तो चांगला मुलगा, चांगला नवरा, चांगला बाप. आणि ते थांबलं की?

ते १८ जानेवारी १९८२ला थांबलं. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. बाबा मे महिन्यात ट्रंक घेऊन घरी आले ते पुन्हा गेले नाहीत. मी चौदा वर्षांचा होतो. आई आंब्याच्या बागेत मजुरीला जाऊ लागली, पावसाळ्यात दुसऱ्यांची लावणी करू लागली. बाबा पडवीत बसत. त्यांना घरात करायला काम नव्हतं असं नाही. चुलीला लाकडं फोडायची होती, पाणी भरायचं होतं, धाकटीला आंघोळ घालायची होती. पण त्यातलं कुठलं काम पुरुषाने केलं तर चालतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी ते समुद्राकडे जात, उमामहेश्वराच्या देवळापलीकडे, बामणघळीच्या कातळावर. काळोख पडल्यावर परत येत. संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण पगार गेलेला पुरुष स्वतःच्या घरात कसा उभा राहतो, याबद्दल त्या पुरुषांशी कुणी बोललं नाही. ते आपापसातही बोलले नाहीत.

खरं तर स्वतःला बदलण्याच्या वाटेवर आमच्याच किनाऱ्यावरचे काही पुरुष फार आधी निघाले होते. हेदवीहून उत्तरेला निघालं, धोपाव्याला फेरीबोटीत बसून दाभोळची खाडी ओलांडली की पुढे मुरूड लागतं. धोंडो केशव कर्वे तिथले. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं आणि ११ मार्च १८९३ला देवरुखच्या गोदूबाईंशी विवाह केला. मुरुडात त्यांच्यावर बहिष्कार पडला. पुढे हिंगण्याचा आश्रम झाला, १९१६ला महिला विद्यापीठ झालं. आम्ही शाळेत हे सगळं पाठ केलं. पण मला आज त्यातलं पहिलं पाऊल सगळ्यांत मोठं वाटतं. दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी या माणसाने स्वतःचं लग्न त्या कामाला लावलं.

त्यांचा मुलगा रघुनाथ त्याहून पुढे गेला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ला मरेपर्यंत चालवलं. खटले झाले, प्राध्यापकी गेली. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. एकाच जिल्ह्यातली ही दोन घरं. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ला केंद्रीय मंत्रिपद सोडलं, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवल्याचं मोठं कारण होतं. बायकांच्या वारसाहक्कासाठी मंत्रिपद सोडणारा पुरुष आपल्याकडे होऊन गेला, हे आमच्या पोरांना कुणीतरी जसंच्या तसं सांगायला हवं.

रघुनाथरावांनी दुसऱ्यांना नुसतं शिकवलं नाही, स्वतःची नसबंदी करून घेतली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१च्या देशभरच्या आकड्यांत, ३७.९ टक्के जोडप्यांत शस्त्रक्रिया बाईची झालेली आहे. पुरुषाची ०.३ टक्के. मुरूडच्या माणसाने एकट्याने ओलांडलेली ती रेघ आम्ही बाकीचे अजून अलीकडूनच बघतो आहोत. आमच्या वाडीतल्या माझ्या वयाच्या बायकांपैकी बहुतेकींच्या पोटावर टाके आहेत. पुरुषांपैकी मला एकही माहीत नाही, आणि त्यात मीही आलो.

माझ्या तरुणपणी प्रश्न विचारणाऱ्या स्वतः बायकाच झाल्या होत्या. मथुरा बलात्कार प्रकरणात १९७८ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, त्यावर देशभर आवाज उठला आणि १९८३ला कायदा बदलला. पुण्यात १९८२ला नारी समता मंच उभा राहिला, १९८९ला विद्या बाळांनी 'मिळून साऱ्याजणी' मासिक काढलं. चांदवडला नोव्हेंबर १९८६मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला बायकांचा समुद्र लोटला होता. त्याच संघटनेने पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. भाषण नाही, घोषणा नाही, तलाठ्याकडे जाऊन नाव चढवायचं. पुरुषांच्या समतेच्या चळवळीचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

मुंबईतही काहीतरी हललं. १९९१ साली सी. वाय. गोपीनाथ या पत्रकाराने वर्तमानपत्रातून आवाहन केलं, बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांनी पुढे यावं. २०५ पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ला 'मावा' ही संस्था उभी राहिली, पुरुषी अत्याचारांविरोधात पुरुषांचीच. हरीश सदानी तेव्हापासून तिच्यात आहेत. दिवाळीला 'पुरुष स्पंदनं' हा अंक निघू लागला, २००६पासून पुण्यात कॉलेजच्या मुलांबरोबर 'युवा मैत्री' सुरू झालं. प्रेम, शरीर, नकार, हस्तमैथुन, बापाची भीती यांबद्दल मुलं तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलली. पुण्यातच 'पुरुष उवाच'चा गट आणि त्याचा दिवाळी अंक होता. ही सगळी मंडळी स्त्रियांच्या चळवळीचं बोट धरून आली आणि तसं उघडपणे मान्य करत आली. गुहागर तालुक्यापर्यंत मात्र ती पोचली नाहीत. आमच्याकडे पोचली ती हुंड्याच्या खोट्या केसांची गाऱ्हाणी आणि बायकोच्या छळाने गांजलेल्या नवऱ्यांच्या संघटनांच्या बातम्या.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट लिहायची आहे. महाराष्ट्राने १९९४ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, देशाने २००५ला. बाबा २००९ला गेले. तेराव्यानंतर महिनाभरात माझ्या दोन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. आमच्यात तशी रीतच आहे, बहीण हक्क सोडते आणि माहेर शाबूत ठेवते. धाकटीने विचारलं, "सही कुठे करू?" मी पेन पुढे केलं आणि बोटाने जागा दाखवली. त्या वेळी मी महिला दिनाच्या कार्यक्रमांना हजेरी लावत होतो, स्वतःला सुधारकी विचारांचा समजत होतो. ती बोटाने दाखवलेली जागा मला अजून दिसते. गेल्या वर्षी बहिणींशी बोललो आणि त्यांच्या वाटणीच्या कलमांचं काय करायचं ते कागदावर आणायला घेतलं आहे. पंधरा वर्षं उशीर झाला.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. त्याच्या पिढीचं दुखणं खोटं नाही. त्याला नोकरी कायम नाही. लग्नाच्या स्थळाला पहिला प्रश्न येतो, मुंबईत खोली आहे का. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या, त्यांत दर दहांतले सात पुरुष होते. विदर्भातल्या शेतकऱ्यांपासून शहरातल्या डिलिव्हरीच्या पोरांपर्यंत, कमावता आलं नाही तर जगण्याचा हक्कच उरत नाही, हे ज्याच्या मनात लहानपणापासून रुजवलं आहे तो पुरुष. माझ्या बाबांच्या मनातही तेच होतं.

डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न झालेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी तो हसण्यावारी नेला. मला त्या पोरांचं वाईट वाटलं, आणि त्यांच्या मागण्या वाचल्यावर आदरही वाटला, कारण गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा अशी मागणी त्यांत होती. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ला ९१३ होत्या, २०११ला ८९४. आपल्याला बायको मिळत नाही याचं मूळ आपल्या आधीच्या पिढीने पोटातच मारलेल्या मुलींत आहे, हे त्या मुलांनी ओळखलं होतं. मुलाचं दुःख आणि मुलीचा जीव एकाच ठिकाणी सापडतात ते असे.

म्हणून मला वाटतं की तरुण पुरुषांना स्वतःची चळवळ हवीच. बायकांच्या चळवळीने पुरुषांना सांभाळून घेत बसावं अशी अपेक्षा करणं म्हणजे पुन्हा खानावळच. आपलं ताट आपण वाढायला शिकायचं. ती चळवळ कशी ओळखायची? तिच्या मागण्या कुणाकडे आहेत ते बघायचं. कोर्टाकडे, सरकारकडे, बायकांकडेच सगळ्या मागण्या असतील तर तिने पुरुषाच्या छातीवरचं ओझं तसूभरही हलणार नाही. बापाने बोलावं, भावाने हक्कसोडपत्र पुढे करू नये, मित्राने मित्राला विचारावं तू झोपतोस का रे नीट, नसबंदीला मी जातो असं नवऱ्याने म्हणावं, या मागण्या पुरुषांच्या पुरुषांकडे आहेत. त्या बायकांनी किती वर्षं करायच्या?

हे मी पुतण्याला चार दिवसांनी सांगितलं, बामणघळीवरच. भरती होती. कातळाच्या चिरेत पाणी शिरत होतं आणि वर उसळून आमच्या अंगावर तुषार येत होते. बोलताना एकमेकांच्या कानाशी यावं लागत होतं. कर्वे, मावा, लक्ष्मीमुक्ती हे त्याने ऐकून घेतलं. मग मी त्याला ते सांगितलं जे बाबांनी मला मरायच्या आदल्या वर्षी सांगितलं होतं. संपाच्या त्या वर्षी ते इथे का येत. एकटेच नव्हते, वाडीतले आणखी तिघेचौघे होते, सगळे गिरणीतले. अंतरा-अंतरावर बसत, एकमेकांकडे न बघता. भरतीची वेळ गाठून येत, कारण पाण्याच्या आवाजात माणूस रडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही.

पुतण्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

"आजीला माहीत होतं?"

"होतं. ती वर देवळापाशी उभी राहायची. ते उठले की आधी घरी जाऊन चूल पेटवायची."

"आणि त्यांनी कधीच एकमेकांना विचारलं नाही?"

"नाही."

त्याने फोन काढला आणि लोट्याला त्याच्या खोलीवर राहणाऱ्या मुलाला लावला. आवाजामुळे काही ऐकू येईना, तेव्हा तो उठून देवळाच्या दिशेने चालत गेला, एक कान बोटाने बंद करून.