महासंगणकाचा दहावीचा पेपर

दोन चलांतील रेषीय समीकरणे आपण सगळ्यांनीच दहावीच्या बीजगणितात सोडवली आहेत. एका चलाचा लोप करायचा, दुसऱ्याची किंमत काढायची, ती समीकरणात ठेवून ताळा पाहायचा. जगातल्या महासंगणकांची परीक्षाही हीच! फक्त तिथे चलं दोन नसतात, लाखो असतात. या चाचणीचं नाव लिनपॅक. चलं दुप्पट झाली की काम आठपट होतं, आणि शेवटी ताळा जुळला तरच निकाल ग्राह्य धरतात. १९९३पासून वर्षातून दोनदा याच निकालावरून ‘टॉप ५००’ यादी लागते.

नोव्हेंबर २००७च्या यादीत चौथं यंत्र पुण्याचं होतं. टाटा समूहातल्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी आकडेमोडी. पहिल्या आलेल्या अमेरिकेच्या ‘ब्लू जीन/एल’चा ४७८ लाख कोटी, म्हणजे चौपट.

पण झाकण उघडून आत पाहिलं, की चित्र पालटतं. ‘एका’त ३ गिगाहर्ट्झचे १४,२४० कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे गाभे होते, ‘ब्लू जीन’मध्ये अवघ्या ७०० मेगाहर्ट्झचे २,१२,९९२. भागाकार करा: पुण्याचा एकेक कोअर सेकंदाला सुमारे ८२८ कोटी आकडेमोडी करत होता, अमेरिकेचा २२५ कोटी. इकडे मूठभर पैलवान, तिकडे मुंग्यांचं वारूळ. आणि पेपर वारुळाने जिंकला!

आता आणखी एक नवल. ‘एका’ची कागदावरची क्षमता १७१ लाख कोटी होती, हाती आले त्यातले ६९ टक्के. उरलेले गेले कुठे? मोठा वाटा वाट पाहण्यात जातो. एका कोअरचं उत्तर दुसऱ्याला मिळेपर्यंत तो दुसरा खोळंबतो. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो, वीतभरही नाही. म्हणून यंत्रांमधल्या तारेची लांबीही वेग ठरवते, आणि कामाची वाटणी किती हुशारीने केली तेही. जून २००८मध्ये ‘एका’चे कोअर एका टक्क्याने वाढले होते, वेग मात्र १२ टक्क्यांहून जास्त वाढून १३३ लाख कोटींवर गेला. तरी क्रमांक आठवा, कारण बाकीचं जग त्याहून जोरात धावलं होतं.

आणि पेपरच बदलला तर? हवामानाच्या गणितात हवेचा प्रत्येक चौकोन शेजारच्या चौकोनांना सतत विचारत राहतो. तिथे आकडेमोड थोडी, स्मृतीतून आकडे आणण्याची धावपळ फार. अशा कामांसाठी एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी आहे. जपानचा ‘फुगाकू’ लिनपॅकमध्ये ४४२ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी आकडेमोडी) गाठतो, या चाचणीत फक्त १६. यंत्र तेच, वीज तीच, आणि वेग चार टक्क्यांहून कमी!

म्हणून वेगाचा आकडा एकट्या यंत्राचा कधीच नसतो; तो यंत्राचा आणि त्याला घातलेल्या गणिताचा मिळून असतो. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला, २०२४मध्ये ‘अर्का’. पुण्यावर ढग दाटून येतात तेव्हा तिथल्या यंत्रासमोर हा दुसरा, अवघड पेपर असतो. त्याचा ताळा दुसऱ्या दिवशी आभाळच करतं.