पापाचे वाटेकरी (लेखांक ५) : ताराबाईंनी मांडलेला हिशेब

मागच्या लेखांकात बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'तल्या (१८५७) विधवा आपण पाहिल्या. लेखकाला त्यांच्याविषयी खरी कणव होती. तरीही तिथे बाई दुःख सांगते आणि विचार करणारा पुरुषच असतो. पंचवीस वर्षांनी एका बाईने स्वतः लेखणी उचलली. तिने आपली कहाणी सांगितली नाही. शास्त्रं, पुराणं, नाटकं, कादंबऱ्या पुढ्यात घेतल्या आणि बायकांवर पापाचा शिक्का मारणाऱ्यांचाच जाब घेतला. त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, आणि त्यांचं पुस्तक 'स्त्रीपुरुषतुलना', १८८२ सालचं.

या पुस्तकामागे एक खटला आहे. सुरतेजवळच्या ओलपाडची विजयालक्ष्मी ही तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं आणि लोकलज्जेपायी तिने ते मारलं. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती टळून काळं पाणी ठरलं, आणि पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांत या प्रकरणाचा मोठा गाजावाजा झाला. 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी या एका बाईवरून सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. मुलाच्या बापाचं काय, हा प्रश्न मात्र या गदारोळात मागेच राहिला. कायद्यालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. १८६० च्या दंडसंहितेतलं व्यभिचाराचं कलम दुसऱ्याच्या बायकोपुरतं होतं. ज्या बाईला नवराच उरला नाही तिच्याकडे जाणारा पुरुष त्यात बसतच नव्हता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पण त्याचा आधार घेणाऱ्या घराला वाळीत पडावं लागे.

विजयालक्ष्मीसारख्या बायका किती असतील, याचा अंदाज जोतीराव फुल्यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविषयी जे निवेदन लिहिलं त्यावरून येतो. त्यात काशीबाईची हकीकत आहे. फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणारी ही तरुण ब्राह्मण विधवा. एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावलं. दिवस राहिल्यावर गर्भ पाडायची औषधं घेऊन झाली, काही उपयोग झाला नाही, आणि मुलगा झाला तेव्हा तिने त्याला मारून विहिरीत टाकलं. ती अंदमानात गेली. शास्त्रीबुवाला कुणी काही विचारल्याचं दिसत नाही. हे सहन न होऊन जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. निवेदन लिहीपर्यंत तिथे ३५ गरोदर विधवा बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ५. बाकीची ३० गेली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतलेली होती. हा आकडा वाचून मला दर वेळी थांबावं लागतं. ज्या घरी आपल्याला कुणी नावं ठेवणार नाही असं एकच घर गावात होतं, त्या घरापर्यंत पोचायलासुद्धा या बायकांना उशीर झाला होता.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनर कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनी मुलीला शिकवलं. लग्न लावून जावयाला घरीच ठेवलं. ताराबाईंना मूलबाळ झालं नाही. घराणं खानदानी मराठ्यांचं, म्हणजे बाईमाणसाने उंबऱ्याच्या आत राहायचं. त्यामुळे विधवेची कोंडी हा केवळ ब्राह्मणवाड्यातला प्रश्न आहे, असं त्यांना वाटणं शक्य नव्हतं. पुनर्विवाहाची बंदी कुलीन म्हणवणाऱ्या मराठ्यांत आणि इतर जातींतही मुरली आहे, हे त्यांनी पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे.

पुस्तकाची मांडणी बघण्यासारखी आहे. स्त्री म्हणजे संशय, उद्धटपणा, अविचार, कपट अशा दुर्गुणांची रास, असं सांगणारा भर्तृहरीच्या शृंगारशतकातला एक श्लोक आहे. शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी तो असायचा. ताराबाईंनी त्यातला एकेक आरोप सुटा केला आणि प्रत्येकाला विचारलं की हा दुर्गुण जास्त कुणात आहे? कपटाची गोष्ट निघाली की त्या जटा वाढवून, अंगाला राख फासून दारोदार फिरणाऱ्या गोसाव्या-बैराग्यांचं वर्णन करतात. देवाचं नाव तोंडात, नजर घरातल्या लेकीसुनांवर. हे वर्णन ऐकीव वाटत नाही. भिक्षा वाढायला दाराशी येणाऱ्या बाईने ते पाहिलेलं आहे.

पुराणांवर त्यांनी हात टाकला तो तर फार धाडसाचा. देवांच्या आणि ऋषींच्या ज्या कृत्यांपुढे आपण हात जोडतो, तीच कृत्यं साध्या माणसाने केली तर आपण त्याला काय म्हणू? पराशरांनी नावेत सत्यवतीशी केलं ते पुण्यकथेत जमा झालं, आणि ओलपाडच्या विधवेचं मात्र पाप ठरलं. मग पतिव्रताधर्माचा विषय. नवऱ्याला देव मानायचं असेल तर त्याने देवासारखं वागावं, इतकी साधी अट त्या घालतात. नवरा मेल्यावर बायकोचं केशवपन करायचं, तिला अंधाऱ्या खोलीत बसवायचं, शुभकार्यात तिचं तोंड पाहायचं नाही. बायको मेली की मात्र दिवस होतात न होतात तोच पुरुष दुसरी मुलगी पाहायला निघतो. त्याने दाढीमिशा भादरून रानात का जाऊ नये, असं ताराबाई सरळ विचारतात.

या लेखमालेच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांनी समकालीन मराठी पुस्तकांना प्रश्न केले ते. 'स्त्रीचरित्र', 'मनोरमा' नाटक, 'मुक्तामाला' अशा त्या काळी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांची नावं घेऊन त्या विचारतात की अशा बायका तुम्ही कुठे पाहिल्यात? एका प्रकारच्या पुस्तकात बाई म्हणजे कावेबाजपणाची पुतळी. दुसऱ्या प्रकारात ती इतकी सोशिक की कितीही संकटं आली तरी तोंडातून 'ब्र' निघत नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) ही या दुसऱ्या वाटेची गाजलेली कादंबरी. ताराबाईंच्या ध्यानात आलं की या दोन्ही चित्रांतून काम एकच होतं. पहिलं वाचून वाचकाला बाईवर संशय घ्यायला आधार मिळतो, दुसरं वाचून तिच्याकडून हवं ते सोसण्याची अपेक्षा ठेवायला. विजयालक्ष्मीवर अग्रलेख लिहिणारे संपादक हीच पुस्तकं वाचून वाढले होते. न्यायालयातला निवाडा आणि कादंबरीतलं पात्र यांचं नातं मराठीत इतक्या लवकर दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला माहीत नाही. म्हणून मी त्यांना आपल्याकडची पहिली स्त्रीवादी समीक्षक मानतो.

हे लेखन विस्कळीत आहे, रागाच्या भरात वाहवतं, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. विस्कळीत आहे, हे खरं. एका मुद्द्यावरून त्या दुसऱ्यावर जातात, मध्येच म्हणी टाकतात, वाचणाऱ्या पुरुषाला थेट अंगावर घेतात. पण ज्या बाईला सभेत बोलायची सोय नाही, वर्तमानपत्रात जागा नाही, तिला आयुष्यभराचं सगळं एकाच पुस्तकात सांगायचं आहे. मर्यादाही आहेत. पातिव्रत्याची चौकट त्या पूर्ण मोडत नाहीत, आणि राणीच्या राज्यावर त्यांचा आजच्या वाचकाला खटकेल एवढा विश्वास आहे. त्यामुळे मूळ प्रश्नाची धार कमी होत नाही.

पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, किंमत नऊ आणे. त्याची संभावना फार वाईट झाली. मला खुपतं ते हे की सत्यशोधक चळवळीतल्या काही पुरुषांनाही ते सोसवलं नाही. १८८५ साली फुल्यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात, लेकीचा कैवार घ्यावा तसा, ताराबाईंचा कैवार घेतला आणि आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. भटशाहीवर तुटून पडणारा माणूस घरच्या बाईचा प्रश्न आला की कचरतो, हे फुल्यांनी पाहिलं आणि बोलूनही दाखवलं. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून त्यांचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते अभ्यासकांच्या हाती पडलं.

मधल्या काळात हरि नारायण आपट्यांनी या विषयावर कादंबरी लिहिली. १८९० पासून 'करमणूक'मधून येत गेलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो?' मधल्या शंकरमामंजींचं सोवळंओवळं कडक आहे, बाहेरचं वर्तन वेगळं आहे, आणि विधवा झालेल्या नायिकेच्या, यमूच्या, केशवपनासाठी न्हाव्याला घरात आणतात तेही तेच. पुढच्या लेखांकात या शंकरमामंजींविषयी.