जेम्सटाउनची माती काय सांगते

जुन्या गांवठाणाच्या पांढरींत नांगर चालला म्हणजे खापरांचे तुकडे, कोळसा व हाडें वर येतात, हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. बहुतेक जण तीं बांधावर फेकून देतात. परंतु असल्याच केरकचऱ्यावरून एका वसाहतीच्या उपासमारीची हकीकत कशी उलगडली, तें अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतीं जेम्सटाउन येथें झालेल्या उत्खननावरून समजण्यासारखें आहे.

इ. स. १६०७ च्या मे महिन्यांत लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीनें धाडलेल्या १०४ इंग्रज पुरुषांनीं व मुलांनीं जेम्स नदीच्या कांठीं वस्ती करून त्रिकोणी कोट बांधला. हा कोट नदीनें केव्हांच वाहून नेला, असा पुष्कळ काळ समज होता. १९९४ सालीं विल्यम केल्सो यांनीं खोदकाम आरंभिलें, तेव्हां तो बहुतांशीं जमिनींतच असल्याचें दिसून आलें. लांकूड उरलें नव्हतें. पण मेढी जेथें कुजल्या तेथें मातीचा रंग काळसर झाला होता. त्या डागांच्या ओळींवरून तटाची रेषा सांपडली.

कोटांतील तळघरें व खड्डे यांत १६०९-१० च्या हिवाळ्यांतील केर मिळाला. त्यांत घोडे, कुत्रीं, मांजरें, उंदीर व साप यांचीं हाडें होतीं. २०१२ सालीं सुमारें १४ वर्षांच्या एका मुलीची कवटी सांपडली. तिजवरील हत्याराच्या खुणांवरून, उपाशी लोकांनीं प्रेताचें मांस खाल्लें, असें तज्ज्ञांनीं ठरविलें. हिवाळ्याच्या आरंभीं सुमारें ३०० माणसें होतीं. वसंतांत सुमारें ६० उरलीं.

असें कां व्हावें? पाऊस कमी झाला म्हणजे झाडाच्या खोडांतील त्या सालचें वलय अरुंद पडतें. तिकडील जुन्या सायप्रस वृक्षांचीं वलयें तपासून १९९८ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, १६०६ ते १६१२ हीं सात वर्षें त्या भागांत ७७० वर्षांतील सर्वांत कोरडीं होतीं. शिवाय वसाहतवाले स्वतः पुरेसें पिकवीत नव्हते. शेजारच्या पोव्हाटन लोकांकडून मका अदलाबदलीनें, प्रसंगीं जबरीनें घेत. अवर्षणांत त्यांनाही धान्य देणें जड झालें, वैर वाढलें आणि शेवटीं कोटास वेढा पडला.

पुढें तंबाखूचें पीक आलें व १६१४ पासून माल इंग्लंडास जाऊं लागला. पैसा दिसतांच लोक मका सोडून तंबाखूच लावूं लागले. तेव्हां १६१६ च्या सुमारास वसाहतीचे कारभारी टॉमस डेल यांनीं हुकूम काढला कीं, ज्यानें २ एकर मका केला नाहीं, त्यानें तंबाखू लावूं नये.

विकावयाच्या पिकाआधीं घरच्या कणगीचा हिशेब करावा, हा यांतील पहिला बोध. दुसरा असा कीं, जुन्या वस्तूइतकीच ती पडलेली जागा व मातीचा थर बोलका असतो. यास्तव पांढरींत कांहीं विशेष आढळल्यास तें न हलवितां पुरातत्त्व खात्यास कळवावें.