विश्लेषण : समुद्रात खोल जाण्यापेक्षा वर येणे जोखमीचे का?

पावसाळा सरला की मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगच्या होड्या पुन्हा सुरू होतात. पहिल्यांदाच पाण्याखाली उतरणाऱ्या पर्यटकाला धास्ती असते ती खाली जाण्याची. डायव्हिंगमधील सर्वांत गंभीर इजा मात्र बहुतांशी वर येताना होतात. असे का, आणि तासन्‌तास पाण्याखाली राहणाऱ्या देवमाशांना हा त्रास का होत नाही?

पाण्याखाली दाब कसा वाढतो?

समुद्रसपाटीला आपल्या शरीरावर एक वातावरण इतका हवेचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट. अकरावीत पाठ केलेला बॉइलचा नियम येथे थेट छातीत घडतो. सिलिंडरला जोडलेला रेग्युलेटर त्या खोलीवरच्या दाबाइतकीच दाबलेली हवा देतो. त्यामुळे १० मीटरवर भरून घेतलेल्या एका श्वासात, पृष्ठभागावरचे दोन श्वास मावलेले असतात.

आता घाबरून श्वास रोखला आणि झपकन वर आले, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते. फुप्फुस तितके ताणले जात नाही, ते फाटते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचले तर पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात.

‘फक्त वीस फूट तर जायचे आहे’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हवेचे आकारमान एक तृतीयांशाने वाढते, तर शेवटच्या १० मीटरमध्ये ते दुप्पट होते. फुप्फुस पूर्ण भरलेले असेल तर जेमतेम सव्वा मीटर वर येतानाही इजा होऊ शकते. प्रशिक्षक होडीवर बसल्यापासून ‘श्वास रोखू नका’ हे एकच वाक्य घोकत असतात, ते यासाठी.

खाली जाताना त्रास होतो तो मुख्यतः कानांना. सर्दी असेल तर कानातला दाब समान करता येत नाही. अशा दिवशी डायव्हिंग टाळलेलेच बरे.

‘बेंड्स’ म्हणजे काय?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाब वाढला की तो रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे बाहेर पडतो. घाई केल्यास सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, पाय बधिर होतात, मज्जारज्जूला इजा होते.

हा आजार आधी ओळखला गेला तो पाणबुड्यांमध्ये नव्हे, तर दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांमध्ये. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत मजूर खोदकाम करत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये याच आजाराने खिळला आणि पुढचे काम त्याला खिडकीतून पाहावे लागले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी बोकडांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आज डायव्हरच्या मनगटावरचा संगणक हेच गणित करतो.

बेंड्स झाल्यास शुद्ध प्राणवायू देत रुग्णाला दाबकक्षात न्यावे लागते. असा कक्ष प्रत्येक किनाऱ्यावर नसतो.

त्याच दिवशी विमान का नको?

विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणजे ते आणखी ‘वर येणे’च. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. सकाळी गोव्यात डायव्हिंग आणि संध्याकाळी मोपाहून उड्डाण, हा बेत त्यात बसत नाही.

देवमाशांचे काय?

देवमासा सिलिंडरची हवा घेत नाही. तो एकाच श्वासावर जातो, त्यामुळे नायट्रोजनचा साठाच मर्यादित. वेडेल सील तर बुडी मारण्याआधी श्वास सोडतो. खोलवर या प्राण्यांची फुप्फुसे मिटतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि स्नायूंमधले मायोग्लोबिन प्राणवायू पुरवते. कुव्हियर जातीचा चोचवाला देवमासा २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद आहे. याच जातीची एक बुडी २२२ मिनिटांची, म्हणजे तीन तास ४२ मिनिटांची होती.

त्यामुळे देवमाशांना बेंड्स होतच नाहीत, असे बराच काळ मानले जात होते. सप्टेंबर २००२ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांजवळ नौदलांचा सराव सुरू असताना १४ चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागले. सोनार सुरू झाल्यानंतर सुमारे चार तासांत पहिले देवमासे दिसू लागले. शवविच्छेदनात त्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे आढळले. आवाजाने बिथरून त्यांची बुडी मारण्याची आणि वर येण्याची नेहमीची लय बिघडली असावी, असे संशोधकांचे म्हणणे आहे. स्पेनने २००४ मध्ये या बेटांभोवती नौदलाच्या सोनारवर बंदी घातली. २०१३ मध्ये आढावा घेतला गेला, तोवर तेथे असा सामूहिक मृत्यू पुन्हा झाला नव्हता.