देवळालीच्या शाळेचा दरवाजा

मिशनची शाळा म्हटली की नगरकरांना आठवतं ते अमेरिकन मराठी मिशन. १८३१ साली ही मंडळी नगरला आली. त्यांच्यातल्या सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तसं काही करावंसं वाटलं, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण मिशनच्या सगळ्या शाळा एका साच्यातल्या नव्हत्या. नगरच्या शाळा इथल्या मुलांसाठी होत्या आणि त्यांत मराठी शिकवत. इंग्लंडच्या सरकारी चर्चची, म्हणजे अँग्लिकन पंथाची शाळा हा निराळा प्रकार. तो पाहायचा तर संगमनेर, सिन्नर करत नाशिकच्या बाजूला जावं लागतं. तिथं देवळालीला बार्न्स स्कूल आहे. मुलं आणि मुली एकत्र शिकतात. काही रोज घरून येतात, काही वसतिगृहात राहतात. आज ही नाव असलेली, फी भरून शिकायची शाळा आहे. तिचं मूळ मात्र अगदी गरिबीत आहे.

१७१८ साली मुंबईच्या कोटात सेंट थॉमस चर्च उभं राहिलं. तिथले पाद्री रिचर्ड कॉब यांनी त्याच सुमारास गोऱ्या लोकांच्या गरीब मुलांसाठी एक धर्मादाय शाळा काढली. मुलं बारा आणि मास्तर एक. कंपनीचे शिपाई इथल्या तापानं, पटकीनं मरत आणि मागं पोरकी मुलं राहत. त्यांना जेवण, कपडा आणि चार अक्षरं द्यायची, एवढाच हेतू. पुढं १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकारानं ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली आणि ही शाळा तिच्याकडे आली. दहा वर्षांनी शाळा भायखळ्याला गेली.

इथं जरा थांबायला हवं, कारण या सोसायटीशी मराठीचंही एक नातं आहे. १८२० साली तिनं एतद्देशीय मुलांच्या शाळा आणि पुस्तकांसाठी वेगळी समिती नेमली. दोन वर्षांनी ती समिती स्वतंत्र झाली. तिलाच पुढं ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणू लागले. सदाशिव काशीनाथ छत्र्यांचं ‘बाळमित्र’ तिच्याच आश्रयानं निघालं आणि बाळशास्त्री जांभेकर तिचे नेटिव्ह सेक्रेटरी होते. म्हणजे गोऱ्या अनाथांच्या शाळेच्या ओसरीवर मराठी क्रमिक पुस्तकांनी पहिली पावलं टाकली म्हणा ना! घर मात्र लगेच वेगळं झालं. आतल्या खोल्या गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांच्याच राहिल्या.

भायखळा गिरण्यांनी आणि वस्तीनं दाटत गेलं, तेव्हा वसतिगृहातली मुलं १९२५ साली देवळालीला हलवली. हवा कोरडी, जागा ऐसपैस, शेजारी लष्कराची छावणी. (मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई याच छावणीत कंटाळून जात. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डुलाली’ म्हणतात, ते या गावावरूनच.) नव्या शाळेला बार्न्स यांचं नाव दिलं. वसतिगृह ही तेव्हा चैन नव्हती. रेल्वेत, तारखात्यात, कस्टममध्ये नोकरी करणाऱ्या अँग्लो-इंडियन बापाची बदली आज भुसावळ, उद्या सोलापूर. मुलांना एका जागी ठेवायचं तर दुसरा उपाय नव्हता.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला की ही शाळा कोणाची? घटनेच्या ३३७ व्या कलमानं अँग्लो-इंडियन शाळांचं अनुदान दहा वर्षं टप्प्याटप्प्यानं कमी करत चालू ठेवलं, पण एक अट घातली. दरवर्षीच्या प्रवेशांपैकी निदान ४० टक्के जागा इतर समाजांना खुल्या हव्यात. बार्न्समध्ये डिसेंबर १९५३ ला ४१५ मुलं होती. त्यांपैकी २१२ अँग्लो-इंडियन आणि २०३ इतर. दरवाजा आधीच अर्धा उघडला होता.

तो बंद करायला निघालं ते मुंबई राज्याचं सरकार. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. ६ जानेवारी १९५४ ला हुकूम निघाला की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढं फक्त अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या नागरिकांचीच मुलं घ्यायची. हेतू देशी भाषा वाढवण्याचा होता. त्या हेतूला नावं ठेवायचं कारण नाही. पण फळ काय मिळालं, बघा. एका भारतीय ख्रिस्ती मेजरची मुलगी प्रवेशाला आली. घरी बोलत इंग्रजीच, तरी ती अँग्लो-इंडियन नव्हती, म्हणून तिला नकार. एका गुजराती डॉक्टरांच्या मुलालाही नकार. दोन्ही पालक आणि खुद्द सोसायटी कोर्टात गेली. सोसायटीनं जावं याचं मला विशेष वाटतं. शंभरावर वर्षं एका समाजासाठी चालवलेली शाळा इतरांसाठी उघडी राहावी म्हणून तीच भांडायला उभी राहिली. अनुदानाची अट हे त्यातलं एक कारण होतंच.

हायकोर्टानं हुकूम रद्द केला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि २६ मे १९५४ ला तिथंही हरलं. निकाल न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी लिहिला. घटनेचं २९ वं कलम म्हणतं की सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. सरकारचा युक्तिवाद होता की हे संरक्षण अल्पसंख्याकांपुरतं आहे आणि आमचा उद्देश तर भाषावृद्धीचा आहे. कोर्टानं सांगितलं की संरक्षण प्रत्येक नागरिकाला आहे, आणि उद्देश कोणताही असो, हुकुमाचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो ते पाहायचं. शिवाय ४० टक्के जागा खुल्या ठेवा असं घटना सांगणार आणि खुल्या ठेवू नका असं सरकार सांगणार, हे जमणार कसं?

आज कायद्याचे विद्यार्थी हा खटला अभ्यासतात, पण देवळालीच्या शाळेवरून तो उभा राहिला हे शेजारच्या जिल्ह्यातल्या आपल्याला क्वचितच माहीत असतं. माध्यमाचा वाद त्यानं संपला नाही. मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना आपण पाहतो, तेव्हा त्या हुकुमामागची काळजी खरी होती असंच म्हणावं लागतं. उपाय मात्र चुकीचा होता. त्यात इंग्रजी शिकायचा हक्क जन्मावरून ठरत होता आणि मराठी शाळेला त्यातून एक बाकही जास्त मिळणार नव्हतं.

१९७० साली उत्तर भारतातल्या अँग्लिकन चर्चनं इतर काही पंथांशी मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ बनवलं. मुंबईचा धर्मप्रांत त्यात गेला. अँग्लो-इंडियन कुटुंबंही बरीचशी ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला निघून गेली. शाळेच्या पटावर आता इथलीच नावं आहेत. कायद्यानं उघडलेल्या त्या दरवाजाशी आज जात किंवा भाषा विचारत नाहीत. फीची पावती मात्र विचारतात, आणि बारा गरीब मुलांसाठी निघालेल्या शाळेच्या बाबतीत ती गोष्ट थोडी टोचते.