खोका दाराशी, चोर फोनवर

अमेरिकेत घराबाहेरची टपालपेटी घरमालक स्वतःच्या पैशाने विकत घेतो, खांबही तोच रोवतो. पण तिच्यात काय टाकायचं, हे मात्र टपाल खातं ठरवतं. टपालाचा आकार न भरलेली वस्तू त्या पेटीत ठेवणं तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे खासगी कुरिअरचा माणूस पेटीत सहज मावेल असं पाकीटही दारासमोरच्या पायरीवर ठेवतो, त्याचा फोटो काढतो आणि निघून जातो. मालक संध्याकाळी कामावरून परतेपर्यंत तो खोका रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसत राहतो.

असे खोके पळवणाऱ्यांना तिथे ‘पोर्च पायरेट’ म्हणतात. टपाल चोरलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण कुरिअरचा खोका म्हणजे टपाल नव्हे, म्हणून अशा चोरीसाठी राज्यांचे कायदे पाहावे लागतात. टेक्ससने २०१९ मध्ये कायदा बदलून कुरिअरची पार्सलंही टपालचोरीच्या कलमाखाली आणली. दिवाळीच्या तोंडावर पुण्या-मुंबईहून न्यू जर्सीला निघालेला फराळाचा खोकाही असाच एखाद्या पायरीवर उतरतो. चोराला आत चकल्या आहेत की आयफोन, हे बाहेरून थोडंच कळतं!

नासातून बाहेर पडलेला अभियंता मार्क रोबर याच्या घरासमोरूनही असंच पार्सल गेलं. पोलिसांनी फारसं लक्ष दिलं नाही, तेव्हा त्याने एक सापळाच बनवला. खोका उघडला की चमकी उधळणार, दुर्गंधी सुटणार आणि आत दडवलेले चार फोन सगळं चित्रित करणार. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने त्याचा व्हिडिओ टाकला आणि कोट्यवधींनी तो पाहिला. त्यातले काही ‘चोर’ एका मदतनिसाच्याच ओळखीचे निघाले, म्हणून पुढे रोबरने ते तुकडे काढून टाकले आणि माफीही मागितली. सूडाची चित्रफीतसुद्धा तपासून पाहावी लागते, ही या प्रकरणातली खरी गंमत. पार्सलं वाचवण्याच्या कामी मात्र कुलपाची कपाटं जास्त उपयोगी पडली. ॲमेझॉनने ती २०११ मध्ये सुरू केली. जर्मनीत डीएचएलने तर २००१ मध्येच तशी यंत्रं बसवली होती.

भारतात पायरीवर सोडून दिलेला खोका क्वचित दिसतो, आणि त्याचं बरंचसं श्रेय आपल्या संशयी स्वभावाला आहे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली, कारण वस्तू हातात पडल्याशिवाय पैसे सोडायला गिऱ्हाईक राजी नव्हतं. पैसे घ्यायचे तर माणसाला माणसाची गाठ घ्यावीच लागते. पुढे महागड्या वस्तूंसाठी ओटीपी आला आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमनची नोंदवही होतीच. खोका बहुधा सुखरूप घरात येतो. गडबड असते ती खोक्याच्या आत, नाहीतर खोका येण्याच्या आधी फोनवर.

डिसेंबर २०१८ मध्येच अभिनेत्री सोनाक्षी सिन्हाने ॲमेझॉनवरून अठरा हजारांचे हेडफोन मागवले. खोका व्यवस्थित बंद होता आणि आत निघाला लोखंडाचा तुकडा. तिने फोटो टाकला, गाजावाजा झाला आणि कंपनीने दखल घेतली. ज्याच्यामागे लाखो चाहते नाहीत, त्याने काय करायचं? एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून खोका फोडायचं तंत्र भारतीय घरांनी कुणी न शिकवता आत्मसात केलं आहे. अशा चित्रीकरणाने पैसे परत मिळतीलच असं नाही, पण वादात हाताशी काहीतरी असतं. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असेल तर वस्तू पाहण्याआधी ओटीपी सांगू नये. ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही ग्राहकाच्या बाजूने आहेत. तक्रार मिळाल्याचं कंपनीने ४८ तासांत कळवावं आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असं ते सांगतात. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

जुन्या वस्तूंच्या बाजारात फसतो तो बहुतेक वेळा विकणारा. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने ओएलएक्सवर सोफा विकायला काढला. एका ‘गिऱ्हाइका’ने खात्री करण्यासाठी आधी किरकोळ रक्कम पाठवली आणि मग उरलेले पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं. पैसे आले नाहीत, उलट खात्यातून वीस हजार गेले. ‘चुकून झालं, परत करतो’ म्हणत त्याने दुसरा कोड पाठवला, तेव्हा आणखी चौदा हजार गेले.

या धंद्यातलं ठरलेलं पात्र म्हणजे बदली झालेला फौजी. तो गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, घासाघीस अजिबात करत नाही आणि त्याला नेहमी घाई असते. जुन्या कपाटाला पाहताक्षणी सांगितलेली किंमत देणारं गिऱ्हाईक महाराष्ट्रातल्या कुठल्या गावात भेटतं? शंका खरं तर तिथेच यायला हवी. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. समोरून पैसे मागणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण कोड पाठवून पिन टाकायला लावणं अजून शक्य आहे.

याहून चलाख युक्ती डिलिव्हरीच्या नावाने चालते. ‘मॅडम, पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही, आमच्या माणसाला फोन लावा,’ असं म्हणून समोरचा *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा आकडा देतो. तो लावला की येणारे कॉल चोराच्या फोनवर वळतात आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जातो. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ मध्ये अशा आकड्यांनी कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तरीही अनोळखी माणसाने दिलेला चांदणी-चौकटींचा आकडा न लावणंच बरं. चुकून लावलाच, तर ##००२# दाबल्यावर वळवलेले कॉल सहसा पूर्ववत होतात. ‘पत्ता अपुरा आहे, बारा तासांत दुरुस्त करा’ असा टपाल खात्याच्या नावाने येणारा मेसेजही याच माळेतला.

पैसे गेलेच तर पोलीस ठाण्याची वाट धरण्याआधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा क्रमांक १९३० लावावा. तिथली तक्रार थेट बँकेकडे जाते आणि रक्कम चोराच्या खात्यात अजून पडून असेल तर ती गोठवता येते. चोरही हे जाणून असतात, म्हणून पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात काही मिनिटांत फिरवतात. फोन लावताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचं नाव समोर ठेवलं तर नोंद लवकर होते. तेवढ्या वेळात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बँकेला फोन करून खातं थांबवायला सांगावं.